उसनी खुर्ची

"पाटा द्या, विळी द्या, पण शाळेतली खुर्ची कुणाला उसनी देऊ नका, बाई. परत घेताना लई जड जातंय."

शाळेचा चार्ज देताना आबासाहेब गुरुजी असं म्हणाले, तेव्हा शैलजाला हसू आलं होतं. उभा जन्म एकशिक्षकी शाळांत काढलेला तो माणूस घंटा, नकाशा, पाण्याचा माठ आणि एक पाय आखूड असलेली खुर्ची तिच्या ताब्यात देत होता. असली डुगडुगती खुर्ची मागायला येणार तरी कोण, असं ती म्हणाली. गुरुजींनी टोपी सारखी केली आणि विषय सोडून दिला.

शैलजा नगरच्या कॉलेजात बी. ए. झालेली. नवरा नोकरीमुळे नगरलाच. तिची नेमणूक मात्र पाथर्डीकडच्या डोंगराखालच्या एका वाडीत. शाळेमागच्याच खोलीत ती राहायची. बाळंतपणाची रजा संपवून परतली तेव्हा मांडीवर तान्ही मुलगी होती आणि एक कान सदा खोलीकडे लागलेला. वर्गात पाढे चालू असायचे आणि हिला मधेच वाटायचं, पोर रडली.

पोरीला सांभाळायला साळूबाई येऊ लागली. ती तशीही शाळा झाडून काढायची, नेमणूक वगैरे काही नसताना. माहेरी चौथी शिकलेली, हसतमुख बाई. नवरा गहिनीनाथ दरसाल बेलापूरच्या बाजूला ऊसतोडीला जायचा आणि तोडीचा एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणून तिलाही जावं लागायचं. मागच्या खेपेला मोळी उचलता उचलता तिचं पोटातलं गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते. यंदा उसाच्या फडावर जायचं नाही, एवढाच तिचा धोशा होता. शाळेच्या झाडलोटीला नि पाणी भरायला ग्रामपंचायत एक बाई नेमणार होती. ती जागा मिळाली असती तर घरी राहायला तिला कारण मिळालं असतं. शैलजानं आपण होऊन सांगितलं होतं, सरपंचांकडे तुझंच नाव देईन म्हणून.

मग ते हळूहळू झालं. पोर रडली की शैलजा पाजायला जायची आणि तेवढ्यापुरती साळूबाई वर्गात बसायची. आधी ती जमिनीवरच बसत होती. पोरं दंगा करतात, वर बस, असं शैलजानंच सांगितलं. साळूबाईनं पदरानं खुर्ची पुसली आणि काठावर टेकली, जणू खुर्ची पाहुण्याच्या घरची आहे. पाढे ती डोलत म्हणून घ्यायची. चुकायचीही, मग पोरांच्या आधी स्वतःच हसायची. गावात चेष्टा सुरू झाली. गहिनीनाथ पारावर सांगायचा, "आमची साळू मास्तरीन झाली. भाकरीबी आता हजेरी घिऊन वाढती."

भाद्रपदात पोरीला जुलाब लागले. रात्रभरात डोळे आत गेले. रजेचा अर्ज देऊन परवानगीची वाट बघायची की पोरीला दवाखान्यात न्यायचं? शैलजानं साळूबाईला शाळा बघायला सांगितलं आणि पहिल्या गाडीनं पाथर्डी गाठली. डॉक्टरांनी भीती नाही म्हटलं तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

दुपारच्या एसटीतून उतरली तर शाळेपुढच्या लिंबाखाली फटफटी उभी. दिपोटी आले होते. तालुक्याचे शिक्षण विस्तार अधिकारी, पण वाडीला ते दिपोटीच. पोरीला खांद्यावर घेऊन शैलजा दारात पोचली. आत पोरं चिडीचूप होती. साळूबाई खुर्चीशेजारी उभी होती, हातात छडी, आणि ती छडी कुठं ठेवावी हे तिला कळत नव्हतं.

साहेब ओरडले नाहीत. विनापरवाना गैरहजर राहून परकं माणूस वर्गात बसवणं म्हणजे काय, हे बाईंना ठाऊक असेलच, असं ते म्हणाले. मग विचारलं, "हिला तुम्ही बसवलंत?"

शैलजाच्या डोळ्यांपुढं निलंबनाचा हुकूम आला. नगरच्या सासूबाईंचा चेहरा आला. खांद्यावर पोरीचा ऊन श्वास लागत होता. आणि तिच्या तोंडून निघालं,

"नाही साहेब. ती झाडायला येते फक्त. आपली आपण बसली असेल."

साळूबाईनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओट्यावरून भांडं पडताना माणूस पाहतं ना, तसं. मग तिनं छडी खिडकीत ठेवली, कोपऱ्यातला केरसुणीचा मुडगा उचलला आणि साहेबांना म्हणाली, "व्हय सायेब. म्याच बसले. हौस वाटली."

पोरं खाली मान घालून बसली होती. त्यांना सगळं माहीत होतं.

साहेबांनी शैलजाला गैरहजेरीबद्दल समज देऊन सोडलं. जाताना सरपंचांना बजावलं, की ही बाई पुन्हा शाळेच्या आवारात दिसता कामा नये. पंधरवड्यानं सरपंच झाडलोटीच्या जागेसाठी नाव विचारायला आले. घुटमळत म्हणाले, साळूचं आता कसं करायचं ते तुमीच सांगा. अजूनही एक शब्द पुरला असता. शैलजा पोरीचं झबलं नीट करत राहिली. म्हणाली, कुणीही चालेल.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या. बैलगाड्यांत भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंसोरं. वाट शाळेवरूनच जाते. शैलजा आत वळणार होती, पण पोर कडेवर होती आणि पाय हलला नाही. साळूबाई गोधड्यांवर टेकून बसली होती. पोट दिसू लागलं होतं. शाळेसमोर आली तेव्हा तिनं गहिनीनाथाला गाडी हळू घ्यायला सांगितलं.

"बाई, पोरीच्या टाळूवर तेल घालीत जा. वारं लई सुटलंय."

एवढंच. गाडी ओढ्यात उतरली.

शैलजा आता खुर्चीवर बसत नाही. उभ्यानं शिकवते. पोरांना वाटतं, पाय आखूड म्हणून. पोर रडली तर रडू देते, मग मधली सुट्टी होताच धावत जाते. पौष लागल्यापासून मात्र तिचं पाढ्यांत लक्ष नाही. बाजारच्या दिवशी गाडीतळावर उभी राहते आणि श्रीरामपूर-बेलापूरकडे निघालेल्या दिसेल त्याला तेच सांगते. तुम्हीही त्या बाजूला जाणार असाल तर जरा वाट वाकडी करून फडावर जा. तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांपुढं चार पोरं गोळा करून, डोलत पाढे म्हणणारी कुणी बाई दिसते का, बघा. दिसली तर बाळंतपण सुखरूप झालं का, एवढं विचारा. आणि कुणी विचारलंय, ते सांगू नका.