सोळा भोकांचं हँडल

माझ्या साडूच्या सलूनमध्ये शेवटी शेवटी फक्त टकले यायला लागले होते. कारण सरळ होतं. साडूचा उजवा खांदा गोठला होता, हात बरगडीच्या वर जायचाच नाही. कानामागचं, मानेवरचं काम झकास व्हायचं, पण टाळूपर्यंत कात्री पोचायची नाही. गिऱ्हाईक उठून आरशात बघायचं तर कडेने गोटा आणि मधोमध गवताची पेंढी. टकल्यांचं मधोमध काही अडत नव्हतं, ते बिचारे येत राहिले. पण नुसत्या टकल्यांवर दुकान चालतं होय?

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर वर चालवायची, रोज एक बोट जास्त. साडूची मुंगी विजेच्या बटणापर्यंत गेली की साडू अशी बोंब ठोकायचा की वरच्या मजल्यावरची बाई भांडी घासायची थांबायची. तिसऱ्या दिवशी त्याने मुंगीला कायमची सुट्टी दिली.

"चार महिन्यांत खांदा सुटला नाही तर कात्री विसरा," डॉक्टर म्हणाले.

साडू लगेच विसरायलाच लागला. कोपऱ्यावर एक ताडमाड माणूस मोबाइलची कव्हरं विकायचा. चार महिन्यांनी दुकान त्याला द्यायचं, असं साडूने तोंडी ठरवूनही टाकलं. आणि मग रोज संध्याकाळी दार लावून एकटाच दुकानात बसायला लागला. कात्र्या पुसायचा. न वापरलेल्या कात्र्या.

हे मला मेव्हणीने सांगितलं. मी वेल्डर आहे, गेट, ग्रिल, जिने करतो. ती थेट माझ्या शेडवर आली, साडूची बायको, माझ्या बायकोची धाकटी बहीण. स्टुलावर बसायच्या आधीच म्हणाली, "भावजी, तुम्ही अख्ख्या जगाला गंडवता."

"चहा घेणार?"

"नको. ह्यांना गंडवा. ह्यांना कळू न देता ह्यांचा हात वर करून द्या."

"अगं, दुखलं की कळणारच ना त्याला."

"एकदम केलं तर दुखेल. मी ह्यांच्या चहातली साखर वर्षभर चिमूट चिमूट कमी करत आणली. आता बिनसाखरेचा पितात आणि वर मला म्हणतात, जरा गोड झालाय."

तीस वर्षं मी स्वतःला उस्ताद समजत होतो आणि खरी उस्ताद माझ्याच सासुरवाडीत चहा गाळत बसली होती.

त्याच आठवड्यात साडूची मोटरसायकल माझ्या शेडच्या दारात उभी असताना तिच्यावर एक लोखंडी गेट पडलं. कसं पडलं ते विचारू नका. हँडल वाकलं. मी फार हळहळलो आणि म्हटलं, काळजी नको, मी नवीन करून देतो. केलं. दोन्ही बाजूंना दोन उभे पाइप, पाइपात पाइप सरकणारा, आणि आतल्याला एक एक बोटाच्या लांबीवर सोळा भोकं. बोल्ट काढायचा, पाइप एक भोक वर ओढायचा, बोल्ट लावायचा. क्लचची आणि ब्रेकची वायर आधीच दोन हात जास्त घेतली आणि हेडलाइटच्या मागे गुंडाळून ठेवली. सोळा भोकं, सोळा आठवडे, चार महिने. हिशोब एकदम चोख.

"जरा उंच वाटतंय," साडू पहिल्या दिवशी म्हणाला.

"फॅशन आहे. छाती पुढे येते, माणूस रुबाबदार दिसतो."

साडूने एक चक्कर मारली आणि परत आला तो छाती पुढे काढूनच. रुबाबदार म्हटलं की तो कशावरही बसला असता.

दर सोमवारी त्याचं दुकान बंद. तो सकाळी न्हाणीघरात खांद्यावर गरम पाणी ओतत अर्धा तास बसायचा. मी पाना घेऊन जायचो, मेव्हणी दारात पहारा द्यायची. एक भोक वर. वरून चहा, तोही बिनसाखरेचा. पहिले तीन सोमवार लोण्यासारखे गेले.

चौथ्या सोमवारी बघतो तर सीटवर उशी. नायलॉनच्या दोरीने आवळून बांधलेली.

दुपारी साडूला गाठलं. "हे काय?"

"सीट बसतंय, साडूभाऊ."

"कुठे बसतंय?"

"खाली. आणखी कुठे बसणार? आठवड्याला बोटभर. तुम्ही लोखंडवाले, तुम्हाला नाही कळायचं. ज्याच्यावर माणूस बसतो ती वस्तू खचतेच. दुकानातली खुर्ची बघा माझी."

आता त्याच्या खुर्चीचं सांगायला हवं. सलूनची खुर्ची पायाने पंप मारला की वर जाते. साडूच्या खुर्च्यांचे पंप जुने झाले होते. गिऱ्हाईक बसलं की खुर्ची हळूहळू खाली यायची, साडू बोलता बोलता पंप मारायचा, पुन्हा वर. गेली वीस वर्षं दिवसभर हेच. त्यामुळे हँडल वर चाललंय हे जगात कोणाच्याही लक्षात आलं असतं, एका साडूच्या सोडून. त्याच्या जगात फक्त बूड खाली जात होतं.

एक भोक मी चढवायचो, एक उशी तो चढवायचा. मग उशीवर गादीचा तुकडा आला. मग फळी. आठव्या आठवड्यात मेव्हणीने त्याला गोड बोलून भिंतीशी उभं केलं. मुंगी निघाली आणि विजेच्या बटणापाशी साडू बोंबलला.

"भावजी, बटणच आहे अजून!" ती मला बाहेर येऊन म्हणाली. "निम्मा वेळ गेला. गाडी तेवढी उंच झाली!"

माझ्या बायकोने फटकारलं, "सांगून टाका एकदाचं."

"सांगितलं तर हँडल खाली येईल आणि हातही खालीच राहील."

"आता कुठे वर आहे?"

म्हणून मी पुढच्या सोमवारी दोन भोकं एकदम चढवली. पुढच्याला पुन्हा दोन. आता बघू, म्हटलं, किती उश्या आहेत तुझ्या घरात.

अकराव्या आठवड्यात साडू हातगाडी ढकलत माझ्या शेडवर आला. हातगाडीवर सलूनची खुर्ची. पंपासकट.

"एवीतेवी रिकामीच असते," तो म्हणाला. आवाज जरा पडला होता. "दुकान गेल्यावर काय करायचंय तिचं? ही सीटच्या जागी बसवून द्या. खचलं की मी पंप मारीन. कटकट संपली."

"साडू, खुर्ची? मोटरसायकलवर?"

"का? वेल्डिंग धरणार नाही?"

तेवढं बोलायला नको होतं त्याने. माझं वेल्डिंग धरणार नाही? भर दुपारी मी ती खुर्ची अशी जोडली की हत्ती बसला तरी हलणार नाही. पाय ठेवायच्या दांड्या, गिअर, मागचा ब्रेक, सगळं पाइप जोडून वर आणून दिलं. संध्याकाळी भानावर आलो तेव्हा कळलं, आपण आपल्याच पायावर कुऱ्हाड मारली आणि वर तिला पॉलिशही केलं.

आता साडूचा पंप आणि माझी भोकं. पंप जिंकणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तेराव्या सोमवारी माझी भोकं संपली. हँडल माझ्या डोक्यावरून गेलं होतं, आणि त्या हँडलच्या मागे, तितक्याच उंचीवर, हाताच्या खुर्चीत ऐसपैस टेकून साडू बसलेला. हात मात्र बरगडीशी. अगदी आरामात.

मी स्कूटरवरून त्याच्या मागे मागे फिरायचो, न जाणो पडला तर. पडणार कसा नाही? पाय जमिनीला टेकत नव्हते. निघताना भिंतीला गाडी टेकवायची, मेव्हणीने स्टूल धरायचं, मग स्वारी वर. आणि थांबताना तर तमाशाच. डावा हात क्लचवर अडकलेला, तो सोडला की गाडी उडी मारणार. राहिला उजवा. मग साडू सिग्नलच्या खांबापर्यंत हळूहळू जायचा आणि उजव्या हाताने खांबाला मिठी मारायचा. खाली, बरगडीच्या उंचीला. लोक विचारायचे, "खांब सोबत नेणार का?"

"खांब बसवला तर आहे तुमच्यासारख्यांनीच, वापरतो मी!"

पण एक सांगतो, मजा यायची त्याला. बसच्या खिडक्यांमधली माणसं त्याच्या डोळ्यांसमोर. आमच्या बायकांना कधी बोलला नाही, पण एकदा सिग्नलला खांब धरून मला म्हणाला, "साडूभाऊ, इथे वर वारा वेगळाच आहे. फक्त नाक खाजवता येत नाही."

शेवटचा शनिवार आला. कव्हरवाला दुपारी कराराचा कागद घेऊन दुकानासमोर हजर. मेव्हणीही आली होती, कोपऱ्यात उभी राहून पदराशी चाळा करत. सोळा भोकं, एक हँडल, एक खुर्ची, चार महिने, आणि शेवटी मी साडूला काय दिलं, तर गाडीवर चढायला स्टूल.

लांबून साडू येताना दिसला. अख्ख्या रस्त्याच्या वर, संथ, डोळे लाल. दुकानासमोरचा विजेचा खांब धरून तो रोज थांबायचा. आज खांबाजवळ आला आणि त्याचं लक्ष दुकानावरच्या पाटीकडे गेलं. बघतच राहिला. खांब मागे गेला.

"अहो, खांब!" मेव्हणी ओरडली.

साडूने दचकून ब्रेक मारला, गाडी कलली, आणि पडणारा माणूस जे करतो तेच त्याने केलं. जे समोर आलं ते उजव्या हाताने पकडलं. समोर आली ती दुकानाची पाटी ज्या लोखंडी दांडीला टांगली होती ती. गाडी खालून निसटली, दहा हात पुढे जाऊन कव्हरवाल्याच्या हातगाडीला टेकून उभी राहिली. आणि साडू वर. एका हाताने लटकलेला.

खांद्यातून असा आवाज आला, जसं गंजलेलं गेट पहिल्यांदा उघडतं. माझा त्या आवाजाशी रोजचा संबंध आहे, म्हणून सांगतो. मग साडूची बोंब. मुंगीच्या वेळची बोंब त्यापुढे अंगाईगीत होती. वरच्या मजल्यांच्या खिडक्या फटाफट उघडल्या.

आणि मध्येच बोंब थांबली.

"दुखत नाहीये," साडू वरून म्हणाला.

"उतरा आधी!" मेव्हणी रडत होती.

"थांब गं. दुखत होतं, आता नाही दुखत. हात वर आहे ना माझा? साडूभाऊ, हात वर आहे?"

"वर काय, आख्खे तुम्ही त्यालाच टांगलेले आहात!"

कव्हरवाला खाली कागद धरून, आ वासून उभा. साडूने त्याच्याकडे पाहिलं. वरून. चार महिन्यांनी एका केसाळ माणसाची टाळू तो पहिल्यांदा धड निरखून बघत होता.

"हे कोणी कापलंय?" साडूने लटकल्या लटकल्या विचारलं.

"आँ?"

"भोवऱ्याजवळ खड्डा पाडलाय तुमच्या. आडवी कात्री मारली गाढवाने. कोणाकडे जाता?"

"ते… बाजारातल्या मोठ्या दुकानात."

"पैसे घेतात वर? साडूभाऊ, स्टूल लावा!"

खाली उतरला, हात दोनदा वर करून पाहिला, कण्हला, हसला, आणि कव्हरवाल्याला मानेला धरून उरलेल्या खुर्चीत बसवलं. अर्धा तास नुसती टाळू. कानाला हात लावला नाही. कव्हरवाला आरशात बघून इतका खूश झाला की कागद मांडीवरच राहिला, केसांनी झाकून गेला, आणि मेव्हणीने झाडू मारताना तो केसांबरोबर सुपलीत भरला.

सोमवारी मी पाना घेऊन गेलो आणि सरळ कबूल केलं. भोकं दाखवली. सगळी सोळा, वरपासून खालपर्यंत.

साडूने एक एक मोजली. "म्हणजे सीट खचत नव्हतं?"

"नव्हतं."

"चार महिने हँडल वर जात होतं?"

"हो. आता खाली घेतो सगळं. खुर्चीही काढतो."

"हात लावाल तर याद राखा!" साडू म्हणाला. "तिथे वरून मला रस्त्यातली एकूण एक टाळू दिसते. वीस वर्षं मी दुकानात बसून गिऱ्हाईकाची वाट बघत होतो, वेड्यासारखा. स्टूल धरा."

धरलं. दुसरं काय करणार? तो निघाला, मी स्कूटरवर मागे. चौकात सिग्नल लाल. साडूने खांब धरला, ह्या वेळी पार डोक्याच्या वर, आणि खाली वाकून एकेकाला सांगायला लागला, "अहो काका, मागून दोन मजले झालेत तुमचे. ओ चष्मेवाले, एक बाजू राहिलीये, घरी आरशात नाही दिसायची. ताई, तुमच्याबरोबरच्यांना सांगा, मधोमध वाट पडलीये." लोक आधी चिडले. मग प्रत्येकाचा हात हळूच डोक्याकडे गेला.

सिग्नल सुटला. साडूने खांब सोडला आणि सोमवार असूनही दुकानाच्या दिशेने वळला. त्याच्या मागून, फुटपाथवरून, तीन माणसं डोकं चाचपत चालत निघाली होती.