आठवी बादली

हौदातली आठवी बादली कडूबानं आखाड्यात ओतली आणि मातीचा चिखल झाला. दारातून कारभारी वस्तादांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. औरंगपुऱ्यातल्या त्या तालमीत महिन्या-दोन महिन्यांनी हे व्हायचंच. माती कालवायला ठेवलेल्या माणसाला सात बादल्या मोजता येत नाहीत, म्हणून सारी गल्ली त्याला हसायची. कडूबाही हसायचा. चिखल वाळेपर्यंत तीन दिवस कुस्ती बंद राहायची, तेवढं त्याला पुरे होतं.

बारा वर्षं त्यानं ही माती सांभाळली होती. हळद, तेल, ताक घालून फावड्यानं उलटायची, मग लोण्यासारखी मऊ. सकाळी लिंबातून ऊन उतरायचं, जमिनीखालून येणारं नहरीचं पाणी हौदात हळू वाजत राहायचं, आणि फावडं मारता मारता कडूबाला कळेनासं व्हायचं की आपण जागे आहोत की अजून अंथरुणातच. त्या गुंगीत त्याला आपला पूर्वीचा धड गुडघा दिसायचा. तरणेपणी सुजल्या गुडघ्यानिशी जुन्या वस्तादांनी त्याला लढवलं होतं, तेव्हापासून तो लंगडा. त्या दिवशी कुणी माती भिजवली असती तर, असं त्याच्या मनात येई, आणि फावडं तसंच थांबून राही.

कारभारी वस्तादांचा वेत लिंबाच्या फांदीला टांगलेला असे. चुकलेल्या, दमलेल्या पैलवानाच्या पाठीवर तो उतरायचा. तालमीचे मालक आप्पासाहेब फुलंब्रीहून यायचे असले की वस्ताद पोरांच्या पाठींना माती फासून ठेवत. अंगाला माती चांगली, असं सगळेच म्हणतात. वळ कुणाला दिसत नसत. ती माती कडूबानंच मळलेली असे, याची त्याला लाज वाटायची.

पण या खेपेला चिखल कामाला येणार नव्हता. एकोणीस वर्षांच्या गयासचा खांदा वस्तादांनी परवा पिरगाळून निखळवला होता, आणि आठच दिवसांवर वेरूळची जत्रा. निजामाचे तालुकदार कुस्त्या बघायला येणार, म्हणून गयासला वस्ताद लढवणारच होते. तिथली माती कडूबाच्या हातात नव्हती. गयास हौदाशी बसून डाव्या हातानं तोंड धूत होता. घरी सांग, असं कडूबानं त्याला सुचवलं. वस्तादाविरुद्ध बोलणाऱ्याला कुठलीच तालीम दारात उभं करत नाही, एवढंच गयास म्हणाला.

दुपारी आप्पासाहेब आले. चिखल बघून त्यांचं डोकं तापलं. जत्रा तोंडावर असताना आखाडा बुडवणाऱ्याला आजच घालवून द्या, असं ते वस्तादांना सांगू लागले. कडूबा लंगडत पुढं झाला.

"मालक, पाणी चुकून नाय पडलं. बारा वर्षं म्या जाणूनबुजून टाकतोय. पोरं लई मार खातात, तवा टाकतो. गयासची पाठ धुवा आन् मग बघा."

वस्ताद हसले. आप्पासाहेबांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी गयासला हौदावर नेलं आणि स्वतःच्या हातानं तांब्याभर पाणी त्याच्या पाठीवर ओतलं. माती ओघळत गेली, तसा एकेक वळ वर आला. सुजलेला खांदाही दिसला. मग बाकीचे सहा पैलवान कुणी न बोलावता येऊन हौदाकडं पाठ करून उभे राहिले. बराच वेळ नुसतं पाणी पडत होतं.

वस्तादांना त्याच दिवशी घालवून दिलं. कडूबालाही जावं लागलं. आपल्याला बारा वर्षं फसवणारा माणूस आप्पासाहेबांना नको होता. कडूबालाही ते अगदीच चूक वाटलं नाही. इतकी वर्षं त्यानं पाणी ओतलं, तोंड काही उघडलं नाही.

सवयीनं त्याला पहाटेच जाग यायची. मग तो दाराशी रिकामे हात घेऊन बसायचा.

महिन्याभरानं गयास आला. खांदा बांधलेला, डाव्या हातात रुमाल, रुमालात मूठभर माती.

"चाचा, आमाला माती जमतच नाय. किती पाणी टाकायचं?"

कडूबानं माती तळहातावर घेतली, चुरली, नाकाशी नेली. हळद कमी होती.

"सात बादल्या," तो म्हणाला. "आठवी आता नगं टाकूस."