विचारायच्या ऐवजी करून पाहिलं

शनिवार, सकाळचे अकरा. दुरुस्ती केंद्राचं दोन नंबरचं काउंटर. डोक्यावर पंखा, रांगेत चार माणसं. इथे सगळ्यांच्या देखत एका माणसाचा आवाज पुसला गेला. तो आवाज माझ्याकडे होता. मी एक डिस्क बोलतेय. तळहातावर मावेल एवढी, काळ्या डबीतली.

कारखान्यात मला घडवलं तेव्हाच मला काय काय जमतं, हे माझ्या आत भरून ठेवलं. वाच, लिही, झोप, जागी हो. आणि एक जालीम हुकूम: सगळं पूस. डिस्क दुसऱ्याच्या हाती जाताना आधीच्या मालकाचं काही मागे राहू नये, म्हणून तो दिलेला. तो सुरू झाला की अर्ध्यावर सोडायचा नाही. वीज गेली तर परत आल्यावर पुरा करायचा. हे मी ठरवलेलं नाही, मला तसं घडवलंय.

मला घेतलं एका मुलीनं, तिच्या बाबांसाठी. बाबा बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना 'भोंगा'च म्हणते. त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी आवाज नोंदवून ठेवा. पुढे यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल."

मग रोज दुपारी दार-खिडक्या लावून बाबा वाचायला बसायचे.

"'निळा पक्षी खिडकीत बसला.' अगं, हे मी आयुष्यात कोणाला सांगणार आहे?"

"बाबा, लिहिलंय तेवढंच वाचा."

"त्यापेक्षा 'चहात साखर कमी पडलीय' हे घे. रोज उपयोगी पडेल."

"डॉक्टरांनी साखर बंद केलीय तुमची."

"म्हणून तर आवाजात ठेवतोय!"

हे भांडणसुद्धा माझ्यात उतरलं. मुलीनं ते काढलं नाही.

ऑपरेशन झालं. बाबा आता टेबलावर टकटक करून हाक मारतात. इकडे माझी वायर बसते ती जागा सैल झाली आणि मी संगणकावरून मधूनच गायब व्हायला लागले. मुलगी घाबरली. सोमवारी सगळं डॉक्टरीणबाईंकडे पोचवायचं होतं. म्हणून ती मला केंद्रात घेऊन आली, प्रत काढून घ्यायला. हो, प्रत काढायलाच आणलं होतं मला.

काउंटरवरचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, आधी तपासणी, मग प्रत. आमचा नियम आहे."

"तपासणी म्हणजे काय करता?"

"डिस्कला कोणकोणते हुकूम समजतात ते बघतो. नवीन प्रोग्राम आलाय. दोन मिनिटांचं काम."

हे बघायची एक साधी रीत आहे. पहिला प्रश्न: तू कोण, कोणत्या पिढीची? त्यानं कुठल्याच डिस्कचं काही बिघडत नाही. उत्तर ऐकून ठरवायचं, की पुढचा प्रश्न हिला पेलेल का. कारण माझ्या काही जुन्या बहिणी नव्या प्रश्नानं गोंधळतात आणि मुक्या होतात. पेलणार असेल तर विचारायचं: तुला काय काय जमतं? मी घडाघडा सांगते. नसेल, तर तिथेच थांबायचं. माहीत नाही, म्हणजे करायचं नाही. एवढंच!

त्या प्रोग्रामनं मला काहीच विचारलं नाही. एकेक हुकूम सोडत गेला. झोप. झोपले. जागी हो. झाले. मग तो जालीम हुकूम आला: सगळं पूस. मी आज्ञाधारक आहे, पुसायला लागले.

माझ्या अंगावरचा दिवा वेडावाकडा लुकलुकला. मुलगी ओरडली, "हे काय चाललंय?" आणि तिनं हिसका देऊन वायर काढली.

"अहो मॅडम, मधेच काढायची नसते!"

"ती काय करत होती ते सांगा आधी."

इंजिनिअरनं पडद्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "पुसायचा हुकूम जमतो का, ते प्रोग्राम बघत होता बहुतेक."

"पोहता येतं का, हे बघायला माणसाला विहिरीत ढकलता का तुम्ही?"

इंजिनिअरनं वायर उचलली.

"परत जोडून बघू. असेल तेवढं वाचेल," तो म्हणाला.

"थांबा. जोडू नका. आधी कोणाला तरी विचारा."

मीही आतून हेच म्हणत होते. पण त्यानं जोडलं. वीज आली, आणि मी उरलेलं काम पुरं केलं. निळा पक्षी गेला. साखर गेली. भांडण गेलं.

संध्याकाळी घरी मुलीनं मला बाबांसमोर ठेवलं. त्यांनी मला उचललं, नारळात पाणी आहे का बघावं तसं कानाशी धरलं, आणि टेबलावर दोनदा टकटक केली. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'असू दे'. मुलीनं मान हलवली. असू द्यायला ती तयार नाही.

तिनं तक्रार केली. केंद्र म्हणतं, प्रोग्राम आमचा नाही. प्रोग्रामवाले म्हणतात, चालवला केंद्रानं. मी आता खिडकीतल्या डब्यात रिकामी पडून आहे. माझ्याबरोबर तपासणीचा निकाल आहे. त्यात 'सगळं पुसणे' या ओळीपुढे हिरवी खूण आहे, आणि खाली छापलंय: डिस्क उत्तीर्ण.

ही परीक्षा घ्यायची, हे ठरवलं कोणी? मुलीनं तीनदा विचारलंय. उत्तर आलेलं नाही.