वज्रबाबाची कुंकवाची रेघ

साहेब, त्या बुवाला आमच्या गावात तुम्हीच बसवलंत. दोन वर्षांपूर्वी माझ्या आत्तीचं, धोंडुबाईचं, मनगट मोडलं. तुमच्या दवाखान्यानं प्लास्टर घातलं आणि कागदावर लिहिलं, 'हाडांची घनता मोजायचं मशीन उपलब्ध नाही.' संपलं. त्यापुढं वज्रबाबानं दुकान मांडलं.

गाव गगनबावड्याकडचं. चार महिने दर बुधवारी संध्याकाळी, धारा काढून झाल्या की समाजमंदिरात म्हाताऱ्यांची ही रांग. "हाडात वारं शिरलंय, आई," म्हणत बाबा एकेकीला भिंतीला उभी करायचा, डोक्याशी कुंकवाची रेघ मारायचा, आठवड्याच्या पुड्या द्यायचा. सकाळी डेअरीला दूध घालून बाया परत त्याच भिंतीला उभ्या राहायच्या. डोकं रेघेच्या वर, अर्धं बोट.

"हाड भरलं. आता डोंगर उचला."

मग रेघ पुसायचा.

आत्ती अडुसष्टची. म्हणाली, "उद्यापासनं वैरणीचा भारा मीच आणणार."

उपकेंद्रातल्या नर्स क्रांतीताईंच्या कानावर हे गेलं. पुढच्या बुधवारी त्या स्वतः भिंतीला उभ्या राहिल्या, मलाही उभं केलं. पुडी दोघांनीही घेतली नाही. सकाळी आम्ही दोघंही रेघेच्या वर.

शेजारची तानाबाई म्हणाली, "चाळिशीत वाढायलास व्हय रं?"

"सगळीच वाढत्यात," क्रांतीताई म्हणाल्या. "मणक्यांच्या मधल्या गाद्या दिवसभर दबत्यात, झोपल्यावर पाणी ओढून फुगत्यात. बाबा, रेघा पुसू नका. संध्याकाळपर्यंत थांबा."

बाया दारात बसल्या, बाबा जाणार कुठं? संध्याकाळी आत्तीचं डोकं पुन्हा रेघेलाच टेकलं.

"भरलेलं हाड दिवसात कुठं सांडलं, बाबा?"

"श्रद्धा कमी पडली."

"मग सकाळी कशी पुरली?"

बाबानं पिशवी गुंडाळली.

आत्ती हट्टाला पेटली. "पण माझं गुडघं दुखायचं थांबलं की. ते बी खोटं व्हय?"

क्रांतीताईंनी तिचं सुजलेलं तोंड न्याहाळलं. "पुडीत स्टेरॉइड असणार, मावशी. दुखणं दबतं आणि आतनं हाड पोखरतं. तपासायला पाठवते. पण एकदम बंद करू नका, उद्या डॉक्टरांकडं चला." मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. वजन? एक्केचाळीस. आईचं हाड मोडलं होतं? खुबा, गोठ्यात घसरून. पाळी कधी गेली? चाळिशीच्या आत. उंची घटली?

"फळीवरचा डबा हाताला येईना झालाय."

"मावशी, तुमचं हाड कधीबी मोडंल. भारा उचलायचा न्हाई."

पाच मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तेवढ्यावरच हाडाचं औषध सुरू केलं.

लोकहो, चमत्कार दिसला की वेळ बदलून पुन्हा मोजा. आणि साहेब, मशीन नव्हतं, मान्य. पण मनगट मोडून आलेल्या म्हातारीला हे चार प्रश्न विचारायला तुम्हाला कुठलं मशीन हवं होतं? लेखी सांगा.