येळवशीचं अनुदान

बांधावर व्यंकटीची मोटारसायकल दिसली तशी वर्षाराणी हातातली पळी तशीच घेऊन ज्वारीतून धावत सुटली. पळीतली भज्जी वाटभर सांडली. कोपीपाशी बसलेल्या पाहुण्यांत कुणीतरी हसलं, पण तिला त्याची पर्वा करायला सवड नव्हती. व्यंकटी निलंग्याच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या शोरूममधला माणूस होता, आणि राज्याच्या अनुदानाची मुदत आज पाच वाजता संपत होती.

"वहिनी, पळता कशाला? मी जेवायलाच आलोय की," व्यंकटी गाडी स्टँडला लावत म्हणाला.

"जेवन मागून. आधी आत्याबाईंचा चेहरा घ्या."

मुदतीचा शेवटचा दिवस नेमका येळवशीला ठेवणाऱ्या मुंबईच्या साहेबाला काय म्हणावं! वेळ अमावस्येला लातूर जिल्ह्यात माणूस गावात सापडत नाही. दुकानांना कुलपं, रस्त्यांवर कुत्री, आणि झाडून सगळी माणसं शेतात. कडब्याची खोपीसारखी कोप उभी करायची, चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून आत मांडायचे, पुजायचे आणि बेसनात शिजवलेल्या भाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील यांवर आडवा हात मारायचा. पण खरं सांगायचं तर साहेबाला एकट्याला बोल लावून उपयोग नव्हता. गाडी पंधरवड्यापूर्वीच घेता आली असती. वर्षाराणीचे सासरे राजशेखर आप्पा अडून बसले होते. एरवी अमावस्येला खिळासुद्धा घरात न आणणारा हा माणूस म्हणाला, "येळवस म्हंजे आपल्याकडं दसऱ्याच्या वरताण. गाडी घ्यायची तर येळवशीलाच." मुहूर्त साधला आणि मुदत पार काठावर आली.

वर्षाराणीला मात्र त्या गाडीवाचून तरणोपाय नव्हता. निलंग्यातल्या एका नव्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. काम सकाळी सातला सुरू, आणि गावातून पहिली एसटी निघायची आठनंतर. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं एसटीची वाट बघत थांबत नाहीत. आप्पांनी साफ सांगून टाकलं होतं, "अनुदानात गाडी बसली तर नोकरी कर. न्हाई बसली तर पुढं बघू." त्यांचं 'पुढं' म्हणजे कधीच नाही, हे ती दोन वर्षांत पुरतं ओळखून होती.

एका आधारवर एकाच गाडीला अनुदान, असा नियम. आप्पांनी दुकानाच्या मालासाठी तीनचाकी घेतली तेव्हा त्यांचं आधार खर्ची पडलं. नवरा भीमाशंकर याने गेल्या साली स्कूटर घेतली, त्याचंही झालं. वर्षाराणीच्या आधारवर अजून माहेरच्या भालकीचा पत्ता होता. भालकी कर्नाटकात, आणि महाराष्ट्राचं अनुदान भालकीच्या पोरीला कोण देणार? सोयरीक करताना सीमा कुणी बघितली नव्हती, ती आता आडवी आली. राहिल्या सासूबाई गौरम्मा, म्हणजेच आत्याबाई. मोबाइलवर त्यांचा चेहरा आधारशी जुळला की किंमत तिथल्या तिथे उतरणार होती.

आप्पांना सवलत म्हटलं की अंगात येतं. सकाळपासून येईल त्या पाहुण्याला ते गाडीची आरती ऐकवत होते.

"पेट्रोल न्हाई, कर न्हाई. दुकानाच्या मीटरला दुपारी चार्जिंगला लावली की युनिटमागं सूट! सरकार द्यायला बसलंय अन् आपुन घ्यायचं न्हाई व्हय?"

"गाडी सुनबाईला का?" एका पाहुण्याने विचारलं.

"गौरम्माच्या नावावर म्हंजे घरच्याच नावावर. ज्याला लागंल त्यानं न्यावी. सकाळचा शेंगदाना-तेल आनायला मला बरी पडंल."

वर्षाराणीने ते ऐकलं. सकाळचीच तर तिला हवी होती. पण आत्ता तोंड उघडलं तर गाडीच जायची. आधी गाडी अंगणात येऊ दे, सकाळचं सकाळी बघू, असं तिने मनाला बजावलं. गौरम्मा कोपीच्या तोंडाशी उंडे वळत होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा सुनेकडे, आणि उंडा परातीत ठेवला.

व्यंकटी आला तेव्हा गौरम्मांची पूजा चालली होती, आणि ती काही केल्या आवरेना. प्रत्येक पांडवाला वेगळी हळद, वेगळं कुंकू, वेगळा नैवेद्य. मग कोपीला प्रदक्षिणा. मग पिकात आंबील शिंपडायची. नेहमी झटपट उरकणारी बाई आज ज्वारीच्या एकेका ताटाला पाणी घालत असल्यासारखी चालत होती. वर्षाराणीचा जीव टांगणीला लागला. ती सासूच्या मागे मागे तांब्या घेऊन फिरत राहिली आणि दर पावलाला सूर्याकडे बघत राहिली.

"आत्याबाई, चार वाजून गेले."

"देवाच्या कामात घाई करू न्हाई, पोरी."

शेवटी एकदाची पूजा संपली. शेतात रेंज मिळायची फक्त विहिरीजवळ. सगळी वरात तिकडे निघाली. पुढे मोबाइल उंच धरून व्यंकटी, मागे आप्पा, त्यांच्या मागे गौरम्मांचा हात धरून वर्षाराणी, आणि हात न धुताच निघालेले पाहुणे. गौरम्मांना विहिरीच्या काठावर बसवलं. व्यंकटीने मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

"काकू, ह्या गोलात तोंड ठिवा. हां. आता डोळे मिटा अन् उघडा."

गौरम्मांनी हात जोडले आणि डोळे मिटले. मिटले ते मिटलेच.

"उघडा की, काकू!"

डोळे उघडेपर्यंत मोबाइलने नकार दिला होता. व्यंकटीने पुन्हा सुरू केलं. या खेपेला गौरम्मांनी डोळे असे वटारले की त्यांतून पाणी यायला लागलं, पण पापणी हलेना. तिसऱ्या वेळी मान वळली. चौथ्या वेळी रेंज गेली, ती आप्पांनी मोबाइल आभाळाला लावून परत आणली.

"ते कपाळावरचं भस्म आडवं येत असंल," आप्पा घायकुतीला येऊन म्हणाले. "पुस बरं ते जरा."

"आजच्या दिवशी?" गौरम्मांनी एवढंच विचारलं.

मग सल्ल्यांना ऊत आला. उन्हाकडे तोंड करा, सावलीत बसा, पदर मागे घ्या, चष्मा काढा. गौरम्मांना चष्मा नव्हताच. वर्षाराणी सासूसमोर उकिडवी बसली आणि स्वतः डोळ्यांची उघडझाप करून दाखवायला लागली.

"आत्याबाई, माझ्याकडं बघा. असं. नुसतं असं करायचं."

गौरम्मा तिच्याकडे बघत राहिल्या. फार मायेने बघत होत्या. पापणी मात्र हलली नाही.

मग व्यंकटीने मोबाइल खाली घेतला. पडद्यावर मराठीत आलं होतं, मुदत समाप्त.

पाहुणे एकेक करून कोपीकडे वळले. वर्षाराणीला सासूचा राग आला, भयंकर राग आला. एवढीशी गोष्ट! लहान लेकरू करतं ती! दोन वर्षं या बाईच्या हाताखाली ती मुकाट राबली, आणि हिला तिच्यासाठी एकदा पापणी हलवता आली नाही. ती उठून पाठमोरी झाली, कारण डोळे भरून आले होते आणि ते सासऱ्यांना दिसायला नको होते.

"गेलं," आप्पांनी हात झटकले. "शिवाची मर्जी. नोकरीचं पुढं बघू आता."

"व्यंकटी," गौरम्मा काठावरून उतरत म्हणाल्या, "अनुदान गेलं म्हंजे गाडी बी गेली व्हय?"

"न्हाई की. गाडी शोरूमला उभी हाय. गेलं ते राज्याचं. दिल्लीचं अजून चालू हाय. कर बी माफच हाय."

"मग ती वर्षाच्या नावानं बसती का?"

व्यंकटीने आप्पांकडे बघितलं, मग पुन्हा गौरम्मांकडे. "बसती. दिल्लीवाले भालकी, निलंगा बघत न्हाईत. नोंदणीला हितलं रेशनकार्ड चालतंय, त्याच्यात वहिनींचं नाव हाय. नोकरीचं पत्र असलं तर कर्ज बी व्हतंय. हप्ते तेवढे चार-सहा वाढतील."

"अगं, कशापायी वाढवायचे?" आप्पा कळवळले. "पुढं दुसरी योजना येईल. अन् नाव कुनाचं का असंना, घरातच ऱ्हातंय ना!"

गौरम्मांनी पदराने हात पुसले. आवाज चढवला नाही.

"पिठाची गिरनी बी घरातच व्हती. माझ्या माहेरच्या पैशानं घेतली अन् घरच्या नावावर केली. मी भावाच्या लग्नाला गेले, आले तर जोत्यावर नुसते चार बोल्ट. तुमी म्हनलाव, भाव बरा आला."

आप्पा हरभऱ्याकडे बघायला लागले. या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली असतील, पण गौरम्मांनी ती आजवर कधी तोंडातून काढली नव्हती, आणि आज काढली तर पाहुणे कानाच्या टप्प्यात होते. भीमाशंकर बापासमोर सहसा बोलत नसे. तो विहिरीच्या पलीकडून फिरून पुढे आला.

"कर्जाला जामीन लागला तर मी ऱ्हातो," तो म्हणाला आणि घाईने बापाकडे बघितलं. आप्पा कोपीकडे चालायला लागले. जाता जाता मागे न बघताच म्हणाले, "व्यंकटी, रंग तरी चांगला दे बाबा."

वर्षाराणीला कानांवर विश्वास ठेवावा की नाही कळेना. आपली गाडी, आपल्या पगाराची, सकाळी सहाला आपल्या हाताने अंगणातून काढायची. तिने साडीच्या घोळातून फोन काढून नोकरीचं पत्र व्यंकटीला पाठवलं, आणि गडबडीत तेच आणखी दोनदा पाठवलं.

"नाव सांगा, वहिनी. पूर्ण."

तिने नाव सांगितलं. विहिरीत घुमेल एवढ्या मोठ्याने सांगितलं आणि स्वतःच लाजली.

"आता कर्जाच्या अर्जाला फोटो. ह्या गोलात बघा. हां. डोळे मिटा अन् उघडा."

वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू मावत नव्हतं. काही केल्या तिला ते जमेना. मोबाइलने एकदा नकार दिला. व्यंकटीने कपाळाला हात लावला.

मागून गौरम्मांचा हात तिच्या खांद्यावर पडला.

"कर की गं. सोपं असतंय ते. रेशनसाठी असाच चेहरा घेतला तवा मी एका दमात केलं व्हतं."

वर्षाराणीने वळून सासूकडे बघितलं. मग पुन्हा मोबाइलकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि उघडले.