आधी बांधा, मग कापा

मी एक जुनी कात्री आहे. मित्रांनो, कापड कापणारी नव्हे. माझी टोकं बोथट आहेत, मुद्दाम तशी घडवलेली. कारण माझं काम नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या पोटाजवळचं. टेक्सासमधल्या नदीकाठच्या वस्तीत एदुविहेस नावाच्या सुईणीने मला उभी हयात वापरलं. ती मला खळखळ उकळायची आणि मदतीला उभ्या असलेल्या लेकीला, आम्पारोला, दर वेळी बजावायची, "आधी बांधायचं, मग कापायचं." नाळेला दोन ठिकाणी दोरा. मग मी.

कितीतरी बायका पलीकडच्या देशातून नदी ओलांडून आलेल्या असत. एदुविहेस कुणालाही "कुठून आलीस?" असं विचारत नसे. विचारायची, "कळा कधीपासून?" त्या बाळांच्या नाळा अंगणातल्या मेस्किटच्या झाडाखाली पुरलेल्या आहेत.

पुढे बायका दवाखान्यात जाऊ लागल्या आणि मी स्वयंपाकघरातल्या खणात आले. कोथिंबीर कापली, पिठाच्या पिशव्या कापल्या. या हिवाळ्यात एदुविहेस गेली. आम्पारोने एकदा खण उघडला, मला पाहिलं आणि खण लावून टाकला. त्यानंतर ती कोथिंबीर हातानेच तोडत असे.

मग ती दुपार आली. मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या नोएमीला कळा सुरू झाल्या. तिच्याकडे या देशाचे कागद नव्हते. अशा आयांची बाळं इथली नागरिक धरायची नाहीत, असा हुकूम निघाला होता. न्यायालयात वाद चालू होता आणि टीव्हीवर रोज भांडणं. आम्पारोने शेजारच्या एवारिस्तोला गाडी घेऊन बोलावलं.

"चल, दवाखान्यात," तो म्हणाला.

"चौकात सीमेवरच्या पहाऱ्याची गाडी उभी आहे," नोएमी दात आवळून म्हणाली. "बाळ इथे ठेवून मला नदीपलीकडे सोडलं तर? मी नाही येणार."

"म्हणून तर नियम हवा! कुणीही यावं, बाळंत व्हावं आणि म्हणावं, झालो आम्ही इथले. दाराला काही कडी आहे की नाही?" एवारिस्तो म्हणाला.

आम्पारोने खण उघडला. मला उकळत्या पाण्यात टाकत ती म्हणाली, "तुझी आई तुला पोटात घेऊन याच दारात ओल्या कपड्यांनी उभी होती. तेव्हा कडी कुठे होती रे?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"हो तर! तेव्हा आत यायचं होतं तुला."

"ताई, भांडा नंतर," नोएमी कळवळली. "बाळ येतंय!"

मुलगी झाली. पण ती रडेना. आम्पारो तिची पाठ चोळू लागली. एवारिस्तो घाबरून गेला. त्याने चिमट्याने मला बाहेर काढलं, हाती धरलं आणि नाळ माझ्या पात्यांमध्ये घेतली.

"थांब! बांधलं नाहीये अजून!"

आवाज आम्पारोचा होता, सूर तिच्या आईचा. मी उघडीच राहिले. तशी मिटले असते, तर त्या इवल्या जिवाचं रक्त वाहून गेलं असतं. तिने एक गाठ मारली, मग दुसरी. तेवढ्यात मुलगी रडली. मग मी मिटले.

एवारिस्तो बराच वेळ हात धूत राहिला.

"घरी जन्मलेल्या बाळाच्या नोंदीसाठी बाहेरचा साक्षीदार लागतो," आम्पारो म्हणाली. "ती इथे जन्मली, एवढं सांगायला येशील?"

"माझं मत बदललेलं नाही."

"मत कुणी विचारलंय? पाहिलंस की नाही?"

तो नाळ आणि कुदळ घेऊन मेस्किटच्या झाडाखाली गेला. खिडकीतून त्याचा आवाज आला, "माझी नाळ कुठल्या बाजूला आहे गं?"

"कुंपणाकडे."

त्याने तिथेच शेजारी खड्डा केला. हात झटकत परत आला आणि दारातूनच म्हणाला, "सकाळी गाडी घेऊन येतो. तयार राहा."

मित्रांनो, आम्पारोने मला पुसून स्वच्छ फडक्यात ठेवलं आहे. कोथिंबिरीसाठी तिने दुसरी कात्री आणली. निकाल अजून लागलेला नाही. त्या मुलीला इथली म्हणतील की नाही, मला ठाऊक नाही. मी फक्त एक कात्री. पण मोठेपणी कापण्याचं काम तुमच्यापैकी कुणाच्या हाती आलंच, तर क्षणभर थांबा. पात्यांमध्ये काय आहे ते पाहा. आणि आधी विचारा, बांधलंय का?