चुडा भरणारा हात

पाण्यानं भरलेला पितळी गुंड उचलताना रुख्माचा हात हलत नसे. काचेची एक बांगडी बोटांत धरली, की मात्र लाखोरीच्या वेलाच्या शेंड्यासारखा थरथरायचा. ओझं असलं की हात शहाणा, हलकं धरलं की वेडा. वय झालं होतं.

हे ठाऊक होतं फक्त तिच्या सुनेला, शामकलेला.

"आता मले भरू द्या चुडे," शामकला म्हणाली. "नवरीच्या हातावर बांगडी वाढली त् बोल तुमच्यावर येईल."

"आज सांगूनच टाकीन," रुख्मा म्हणाली.

छप्पन सालचा बैसाख. कामठा गावात नवरीचा चुडा भरावा रुख्मानंच, अशी रीत पडून गेली होती. मांडवात शकुंतलाबाईंनी तिला पाटावर बसवलं, पुढ्यात त्यांची लेक, नवरी प्रेमिला.

"बाई, माझा हात आता..."

"तुमचाच हात पायजे, माय. माझा चुडा तुमीच भरला. मंग हिले काऊन सोडता?"

"शामकला भरते ना."

"तिचा हात अजून कवळा हाय, भेंडीवानी," मागून कोणी बोललं. बाया हसल्या, आणि हसता हसता गाणं उचललं:

*भर माय हिरवा चुडा, नको करू घाई,*
*धानाच्या बांधीतून लेक दूर जाई.*

गाणं चहूबाजूंनी कुडासारखं उभं राहिलं. उठायला वाट नव्हती.

पहिली बांगडी प्रेमिलाच्या बोटांच्या पेरांवर किणकिणली.

"आजी, हात हालून राहिला तुमचा."

"गप बस."

रुख्माला गुंड आठवला. लग्नात सुनेला दिलेली चांदीची जड कडी शेजारी बसलेल्या शामकलेच्या मनगटावर होती. "काढ," रुख्मा हळूच म्हणाली.

कडी तिनं स्वतःच्या उजव्या हातात चढवली.

"बुढी नटून राहिली," पुन्हा हसू. पण हात ओझ्याखाली आला, निवला. बांगड्या पाण्यावरून पान जावं तशा सरकत गेल्या. एकही वाढली नाही.

"पाहा, हात तसाच हाय," शकुंतलाबाई म्हणाल्या. "धाकटीचाही तुमीच भराल."

"अन् आमच्या पोरीचाही," दुसरी म्हणाली.

सांगायचं होतं ते राहून गेलं. "हो जी," रुख्मा म्हणाली.

शामकलेनं मोकळं मनगट पुढं केलं. रुख्मानं पदराआड कडी पेरापर्यंत ओढली, तसा हात पुन्हा थरथरला. एका बाईनं मान वळवली. रुख्मानं कडी घाईनं मागं ढकलली.

"राहू द्या," शामकला म्हणाली, आणि आपलं उघडं मनगट लुगड्यात लपवलं.